कार्तिकातला मृग: १९७६ मधला आकाशवाणीचा एक दिवस जोडताना

हे प्रकरण खरं आहे. गाव, वाचनालय आणि माणसांची नावं काढून टाकली आहेत. आवाजाचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच आहेत.

पार्श्वभूमी

एका जिल्ह्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाकडे पत्र्याची एक ट्रंक आली. एका निवृत्त शिक्षकांच्या (त्यांना इथे गुरुजी म्हणू) निधनानंतर त्यांच्या सूनबाईंनी ती आणून दिली. आत ध्वनिफितीचे अकरा स्पूल होते, प्रत्येक आपल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोक्यांवर निळ्या शाईत एवढंच: ‘रेडिओ – सोमवार’, ‘शेती’, ‘मंडळ’, ‘नाटक, अपुरे’. तारीख एकावरही नाही.

गुरुजींनी रेडिओपुढे टेपरेकॉर्डरचा माइक ठेवून हे सगळं टिपलं होतं. गाणी त्यांनी मुद्दाम टाळली, कारण गाणी तबकडीवर विकत मिळायची आणि बोललेलं मिळायचं नाही, असं सूनबाई म्हणाल्या. हे त्यांचं गणित अचूक होतं. त्या काळात टेप महाग होती आणि प्रसारण झालं की ती पुसून पुन्हा वापरायची, ही जगभरातल्या प्रसारण संस्थांची रीत होती. मोठ्या गवयांच्या मैफली जपल्या गेल्या. बाजारभाव, हवामान, भगिनींच्या कार्यक्रमातली पत्रोत्तरं, सभा (म्हणजे प्रसारणाचं एक सत्र) सुरू करतानाची निवेदनं मात्र हवेत गेली ती गेलीच. केंद्रात न उरलेलं एखाद्याच्या माळ्यावर सापडतं ते असं.

वाचनालयाच्या वर्धापनदिनी एक श्रवणसंध्या करावी असं ठरलं. कल्पना अशी की सकाळच्या संकेतधुनीपासून रात्रीच्या समाप्तीपर्यंत सत्तरच्या दशकातला आकाशवाणीचा एक अख्खा दिवस, फक्त बोललेल्या कार्यक्रमांचा, दोन तासांत ऐकवायचा. आम्ही पाच जण होतो: मी, एक ध्वनितंत्रज्ञ, मराठीचे एक प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी. सरांनी उत्साहाने फलकही छापून घेतला. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, ‘आकाशवाणीचा एक दिवस’.

टेप वाजवण्याआधी

पहिला निर्णय तंत्राचा होता. जुनी टेप चिकट झाली असेल तर ती मंद उष्णतेत काही तास ठेवून तात्पुरती वाजवण्याजोगी करता येते. पण हा उपाय पॉलिएस्टरवरच्या टेपसाठी आहे. ॲसिटेटची टेप तापवली तर ती गेलीच म्हणून समजा. ओळखायची रीत सोपी आहे. स्पूल उजेडासमोर आडवा धरायचा. ॲसिटेट असेल तर गुंडाळीतून उजेड झिरपतो, पॉलिएस्टर काळं राहतं. आमच्या अकरापैकी दोन ॲसिटेटचे निघाले आणि खोकं उघडताच त्यांचा व्हिनेगरसारखा आंबट वास आला. ते दोन आम्ही वाजवले नाहीत. बाकीचे नऊ तपासले, त्यांत चिकटपणा नव्हता, म्हणून एकालाही उष्णता दिली नाही.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. ‘सोमवार’ लिहिलेला स्पूल लावला तर एक निवेदिका स्वच्छ मराठीत बोलतेय आणि तिच्या खाली दुसरं कोणीतरी उलटं बोलतंय. भुताटकी वगैरे काही नाही. गुरुजींचं यंत्र घरगुती होतं आणि पाव इंच रुंदीच्या टेपवर चार ट्रॅक घ्यायचं. दोन एका दिशेने, दोन उलट. आमच्या यंत्राचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज उचलणारा भाग, जास्त रुंद असल्याने शेजारचा ट्रॅकही उचलला जात होता. चार ट्रॅकचं हेड मिळवण्यात तीन आठवडे गेले.

वेगही त्यांनी काटकसरीचा ठेवला होता, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. त्या वेगाला १२०० फुटांचा स्पूल एका ट्रॅकवर ६४ मिनिटं चालतो, म्हणजे चारही ट्रॅक भरले की सव्वाचार तास. शिक्षकाच्या पगारात टेप घ्यायची तर हे असंच करावं लागतं. वेग बरोबर आहे की नाही हे आम्ही बातम्यांआधीच्या वेळेच्या ठोक्यांवरून पडताळलं. दोन ठोक्यांत बरोबर एक सेकंद हवा. डिजिटल प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची केली आणि त्या मूळ प्रतीला पुढे कोणी हात लावायचा नाही असं ठरवलं. या एका शिस्तीने आम्हाला शेवटी वाचवलं.

अडचण: हा दिवस कोणता?

‘सोमवार’च्या पहिल्या ट्रॅकवर सकाळची सभा अगदी सुरुवातीपासून आहे. संकेतधून, वंदे मातरम्, मग मध्यम लहरी, मीटर, किलोहर्ट्झ, आणि मग दिनांक. नेमक्या तिथे कुकरची शिट्टी होते. ‘आज सोमवार, पंधरा नोव्हेंबर’ ऐकू येतं, साल शिट्टीत जातं, आणि पुढे ‘भारतीय सौर चोवीस कार्तिक, शके’ एवढं येऊन पुन्हा शिट्टी.

आमचा एक विद्यार्थी धावत जाऊन दिनदर्शिका घेऊन आला आणि कार्तिकातली चोविसावी तिथी शोधू लागला. ती सापडणार कशी? तिथी पंधराच्या पुढे जात नाही. हे भारतीय सौर पंचांग निराळं, १९५७ च्या मार्चपासून सरकारने लागू केलेलं. त्यातला कार्तिक दरवर्षी २३ ऑक्टोबरलाच सुरू होतो, म्हणून २४ कार्तिक म्हणजे कायम १५ नोव्हेंबरच. साल कळायला त्याचा उपयोग शून्य. घराघरांत हे पंचांग कोणी पाहत नाही, पण रेडिओमुळे एका पिढीच्या कानांना ते पाठ आहे.

आता वार धरून मागे गेलो. १५ नोव्हेंबरला सोमवार येतो १९७१, १९७६ आणि १९८२ मध्ये. १९८२ लगेच बाद झालं. २३ नोव्हेंबर १९७८ रोजी मध्यम लहरींची नवी आखणी अमलात आली आणि केंद्रांच्या वारंवारिता नऊच्या पटीत गेल्या. म्हणूनच मुंबईचं १०४४ आणि पुण्याचं ७९२ नऊने पूर्ण भागले जातात. आमच्या टेपवरचा आकडा भागून पाहिला तर बाकी उरली. म्हणजे प्रसारण १९७८ च्या आधीचं. राहिली १९७१ आणि १९७६. एक बांगलादेश युद्धाच्या तोंडावरचं, दुसरं आणीबाणीतलं. त्याच ट्रॅकवर पुढे इंदिरा गांधी सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमावरचं पाच मिनिटांचं निवेदन आहे. तो कार्यक्रम १ जुलै १९७५ ला जाहीर झाला. प्रश्न मिटला: १५ नोव्हेंबर १९७६.

इथे आम्ही सगळे इतके खूश झालो की पुढची शंका कोणाच्या मनातच आली नाही. एका ट्रॅकची तारीख पक्की झाली आणि आम्ही ती सगळ्या ट्रंकेला लावून टाकली. दुपारला ‘मंडळ’ (म्हणजे भगिनींचा कार्यक्रम), संध्याकाळी ‘शेती’, रात्री ‘नाटक’. दिवस छान उभा राहिला.

चूक कशी उघडी पडली

कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी सात-आठ ज्येष्ठांना बोलावून एक चाचणी घेतली. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला. दोन पात्रांचा ठरलेला संवाद, एक विचारणारा, एक जाणता. जाणता म्हणतो, मृग लागून चार दिवस झाले, वापसा (पेरणीजोगी ओल) आला की बाजरीची पाभर (पेरणीचं अवजार) धरा, घाई नको. मागच्या खुर्चीतले एक आजोबा उठले. जन्मभर शेती केलेला माणूस. तरुणपणी चावडीवरच्या रेडिओपुढे रोज बसायचे.

“ताई, सकाळी बाई कार्तिक म्हणाली ना? मग संध्याकाळी मृग कुठनं आला?”

खोलीत हशा पिकला. मला मात्र घाम फुटला. मृग नक्षत्र लागतं जूनच्या सात-आठ तारखेला. नोव्हेंबरच्या मध्यात रेडिओवर हरभरा आणि गहू असायला हवा. पाच शिकलेली माणसं महिनाभर तो भाग ऐकत होतो. ठोके मोजले, किलोहर्ट्झ भागले, पण पेरणी कोणत्या महिन्यात होते हे कोणाच्या कानात शिरलं नाही.

मग मी नऊ स्पूल पहिल्यापासून ऐकले, या वेळी फक्त ‘थप्’ शोधत. रेकॉर्डर थांबवून पुन्हा सुरू केला की टेपवर एक बारीक ठोका उमटतो, तो म्हणजे सांधा. सांध्यांची यादी केल्यावर चित्र पालटलं. गुरुजी आवडलेलं तेवढं टिपायचे आणि जागा उरली की महिन्यांनंतर तिथेच दुसरं काही भरायचे. ‘शेती’च्या एकाच ट्रॅकवर तीन वेगवेगळे ऋतू निघाले. ‘नाटक’ संपल्यावर शेवटच्या दीड मिनिटात, खाली न पुसली गेलेली जुनी ध्वनिफीत जिवंत होते आणि कोणीतरी गुळाचे भाव सांगतं.

१५ नोव्हेंबर १९७६ चं म्हणून खात्रीने म्हणता येईल असं दोनच तुकड्यांत उरलं. एक सकाळचा सलग ६४ मिनिटांचा ट्रॅक, मध्ये एकही थप् नाही. सातचे ठोके वाजतात आणि पुढे थोड्याच वेळात, ७.०५ च्या प्रादेशिक बातम्यांच्या तोंडाशी, टेप संपते. दुसरा तुकडा रात्रीच्या भाषणाचा, २७ मिनिटांचा. सकाळच्या रूपरेषेत निवेदिकेने त्या भाषणाचा विषय आणि वेळ सांगितली होती, ती दोन्ही जुळली. एकूण ९१ मिनिटं.

पर्याय

फलक गावभर लागले होते. बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली.

सरांचं म्हणणं, जसं आहे तसं ऐकवू आणि पत्रिकेत बारीक अक्षरात ‘प्रातिनिधिक दिवस’ लिहू. लोक आठवणी जागवायला येतात, तारखा तपासायला येत नाहीत. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. रेडिओचे दिवस खरोखरच एकमेकांसारखे होते. वेळापत्रक तेच, आवाज तेच. पण आजोबांचा प्रश्न ऐकल्यानंतर ते बारीक अक्षर मला पळवाट वाटत होतं.

विद्यार्थ्यांना हरवलेले भाग स्वतः बसवून सादर करायचे होते. जुनी निवेदनशैली, मागे जुन्या रेडिओची खरखर. त्यांनी नमुना करून आणला आणि तो इतका हुबेहूब होता की मी तिथेच नको म्हटलं. ही ध्वनिफीत उद्या कोणाच्या फोनवर गेली की अस्सल म्हणून फिरणार. मुलं हिरमुसली. आजही मला त्यांची समजूत जास्त बरी घालता आली असती असं वाटतं.

तंत्रज्ञ म्हणाला, दिवस वगैरे सोडा, सुटे सुटे भाग ऐकवा. हा सर्वांत सुरक्षित मार्ग. पण मग सकाळची ती रूपरेषा, जिच्यात सबंध दिवसाचा नकाशा आहे, तिचा अर्थच राहत नाही.

काय केलं

प्राध्यापकांनीच शेवटी तोड काढली. वर्तमानपत्रं तेव्हा रोजचे आकाशवाणीचे कार्यक्रम छापत. जिल्हा ग्रंथालयातल्या बांधीव फाइलीत १५ नोव्हेंबर १९७६ चा अंक मिळाला. बातम्यांवर सेन्सॉर, पण आतल्या पानावरची कार्यक्रमांची चौकट साबूत. कागद इतका पिवळा की फोटो काढताना पान उलटायची भीती वाटत होती.

पूर्वार्धात आम्ही तो दिवस भोकांसकट ऐकवायचं ठरवलं. सकाळचा ट्रॅक सुरू होईल. टेप संपली की आजच्या आवाजात, काहीही अभिनय न करता, वर्तमानपत्रातली ओळ वाचायची: ७.०५, प्रादेशिक बातम्या. मग दहा सेकंद शांतता. मग पुढची ओळ. असं रात्रीच्या भाषणापर्यंत. उत्तरार्धात मृगाचा संवाद, मंडळातली पत्रं, नाटकाचा भाग आणि गुळाचे भाव, ‘इतर दिवसांचे’ असं स्पष्ट सांगून. फलकावर कागदाची पट्टी चिकटवली: ‘एक दिवस, सापडला तेवढा’.

हक्कांचं पाहणं भाग होतं. प्रसारण संस्थेचा पुनःप्रसारणाचा हक्क आपल्या कायद्यात २५ वर्षांचा, तो केव्हाच संपलेला. पण नाटक लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. लेखकाच्या मुलाला पत्र पाठवलं, सभागृहात ऐकवायला लेखी परवानगी आली, इंटरनेटवर टाकायला मिळाली नाही. तेवढं पाळलं.

वीस कलमी निवेदन कापावं का यावर थोडा वाद झाला. पाच मिनिटं कंटाळवाणी आहेत. ती तशीच ठेवली. त्या वर्षी रेडिओ ऐकणं म्हणजे हे ऐकणंही होतंच.

दुसरा निर्णय त्या घाईत दोन मिनिटांत झाला. माइक खुला असल्याने घरातले आवाजही टेपवर आहेत. चिमण्या, कुकर ठीक. पण रात्रीच्या भाषणाखाली एका बाईंचा आणि गुरुजींचा खटका आहे, दुधाच्या हिशेबावरून. खासगी गोष्ट चारचौघांत नको म्हणून मी ऐकवायच्या प्रतीत तो भाग दाबून टाकला. सूनबाईंना विचारलं नाही.

निष्पत्ती

साठेक माणसं आली. मला धास्ती त्या शांततेची होती. वाटलं, लोक चुळबुळ करतील. पहिली ओळ वाचली, प्रादेशिक बातम्या, आणि दहा सेकंदांच्या शांततेत तीन-चार जण एकदमच पुटपुटले, ‘सुधा नरवणे’. प्रादेशिक बातम्या देणारा तो ओळखीचा आवाज. त्या दिवशी बातम्या कोणी दिल्या होत्या हे ठाऊक नाही, टेपवर त्या नाहीतच. पण सभागृहाला जागा रिकामी मिळाली आणि त्याने ती भरली. पुढच्या प्रत्येक शांततेत कोणी ना कोणी काहीतरी म्हणत राहिलं. वाचणारा मुलगा थांबून थांबून वाचू लागला. दोन तासांचा कार्यक्रम तीन तास चालला.

मृगाच्या संवादाला आजोबा पुढच्या रांगेत होते. या वेळी त्यांनी पाभर कशी धरतात ते उठून दाखवलं.

तक्रारीही आल्या. काहींना भोकं अजिबात आवडली नाहीत. फलकावर ‘एक दिवस’ वाचून आलो आणि अर्धा दिवस यादीच ऐकली, असं एकांनी अभिप्रायवहीत लिहिलं. बरोबर आहे त्यांचं.

पुन्हा करायचं झालं तर

फलक शेवटी छापेन. नाव आधी ठरलं आणि मग आम्ही टेपना त्या नावात कोंबत गेलो, सगळी गडबड तिथून सुरू झाली. सांध्यांची यादी पहिल्याच ऐकण्यात करेन. ते दोन दिवसांचं काम आहे आणि मी ते महिनाभर टाळलं, कारण साल शोधण्यात जास्त मजा येत होती. आजोबांसारखी माणसं शेवटी परीक्षक म्हणून बोलावण्याऐवजी सुरुवातीपासून ऐकायला बसवेन. रेडिओ ज्यांच्यासाठी बोलत होता त्यांनाच त्यातलं काय चुकलं ते कळतं.

दोन ॲसिटेटचे स्पूल थंड, कोरड्या कपाटात वेगळे ठेवले आहेत. ज्यांच्याकडे योग्य सोय आहे त्यांच्याकडेच ते द्यायचे, घरी प्रयोग नाही, यावर मात्र पाचही जणांचं एकमत आहे.

आणि सूनबाई. कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. भाषण चालू असताना मध्येच आवाज खोल गेला तो का, असं विचारलं. मी कारण सांगितलं.

“अहो, त्या सासूबाई. त्यांचा दुसरा आवाज कुठेच नाही आमच्याकडे. आणि तोच तुम्ही झाकला?”

मूळ प्रतीला हात लावलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी रात्रीचा तो तुकडा त्यांना आहे तसा काढून दिला, दुधाच्या हिशेबासकट.